छोट्या कॅलिबरच्या रायफलला पट्टा बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः .२२ एलआर रिमफायर रायफलींसाठी, म्हणजे कडेवर आघात होऊन पेटणारं छोटं काडतूस वापरणाऱ्या रायफलींसाठी आहे. एअर रायफलींचं गणित थोडं वेगळं, त्यांचा प्रश्न खाली स्वतंत्र घेतला आहे. पट्टा आवडला नाही तर उद्या दुसरा लावता येतो. लाकडात चुकीच्या जागी पाडलेलं भोक मात्र तसंच राहतं. म्हणून बरीचशी उत्तरं पट्ट्यापेक्षा तो जिथे अडकतो त्या दोन जागांबद्दल आहेत.

काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी आहे हे कसं पक्कं करायचं?

मॅगझीन काढा, बोल्ट (मागून काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) तीन-चार वेळा चालवा, मग चेंबरवर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेवर, उजेड पाडून बघा आणि बोटाचं टोक चेंबरच्या तोंडावरून फिरवा. .२२ च्या काडतुसाची कडा चेंबरच्या बाहेर राहते, ती बोटाला लागते. ट्यूब मॅगझीन (काडतुसं एकामागे एक भरायची लांब नळी) असेल तर आतली नळी पूर्ण बाहेर काढा, रायफल पुढे कलती करून हलवा. एखादं काडतूस ट्यूबमध्ये किंवा काडतूस वर उचलणाऱ्या लिफ्टरवर अडकून बसतं आणि नंतर बोल्ट चालवला की नेमकं तेच चेंबरमध्ये जातं. बोल्ट निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

एवढी खबरदारी कशाला? पट्ट्याची लांबी जुळवताना रायफल खांद्यावर घ्यायची, वळून बघायचं, उतरवायची, पुन्हा घ्यायची, असं दहा-वीस वेळा होतं. त्या वेळी सगळं लक्ष बकलाकडे असतं, बॅरलचं तोंड कुणाकडे फिरतंय याकडे नसतं.

एवढ्या हलक्या रायफलला पट्टा लागतो का?

२.५ ते ३ किलोची रायफल तासभर हातात धरता येते, दुसऱ्या तासाला हात भरून येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुर्बीण धरायला, फाटक उघडायला किंवा टार्गेटचा कागद लावायला दोन्ही हात मोकळे लागतात. पट्टा नसला की रायफल झाडाला टेकवून ठेवली जाते, आणि टेकवलेली रायफल पडते.

पट्टा कसला घ्यावा?

२५ मिमी, म्हणजे १ इंच रुंदीचा पुरतो. ३२ मिमीचा, म्हणजे सव्वा इंची पट्टा मोठ्या कॅलिबरच्या जड रायफलीला शोभतो. छोट्या रायफलीवर तो लोंबतो, आणि एक इंची स्विव्हलमध्ये (पट्टा ओवायच्या कडीत) घातला तर कडा दुमडून लवकर झिजतो. पट्टा आणि स्विव्हल एकाच मापाचे घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चामड्याचा पट्टा खांद्यावर घट्ट बसतो आणि वाजत नाही. मात्र भिजला की लांबतो, आणि फार तेल पाजलं की मऊ पडून ताणला जातो. नायलॉनच्या पट्टीला पाण्याचं काही वाटत नाही, पण गुळगुळीत जाकिटावरून ती सारखी घसरते. आतल्या बाजूने रबरी धागा विणलेली किंवा खरखरीत चामड्याचा तुकडा शिवलेली नायलॉन पट्टी हा चांगला मध्यम मार्ग आहे. लवचीक, ताणणारा निओप्रीनचा पट्टा दुकानात हातात घेतल्यावर छान वाटतो. चालायला लागलं की रायफल त्यावर वरखाली उड्या मारते. हलक्या रायफलीला असल्या गादीची गरजच नाही.

एकाच जागी अडकणारा, गळ्यातून तिरपा घालायचा पट्टा आखूड शस्त्रांसाठी असतो. मीटरभर लांबीची रायफल त्यावर लटकवली तर बॅरल गुडघ्यावर आपटतं.

स्टड, स्विव्हल, बँड यांत फरक काय?

स्टड म्हणजे स्टॉकमध्ये (रायफलीच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दस्त्यात) कायमचा बसणारा छोटा स्क्रू, त्याच्या डोक्याला आडवं भोक असतं. स्विव्हल म्हणजे त्या भोकात अडकणारी कडी, तिच्यातून पट्टा जातो. झटपट निघणाऱ्या स्विव्हलला एका बाजूला स्प्रिंगची पिन असते आणि पिन आपोआप सुटू नये म्हणून फिरवायचा स्क्रू किंवा कॉलर असते. हा लॉक दर वेळी हाताने तपासा. स्क्रूचा लॉक कंपनाने हळूहळू उलटा फिरतो आणि कडी चालता चालता सुटते. बँड म्हणजे बॅरलला किंवा ट्यूबला कवळणारा पट्टीचा क्लॅम्प, त्याला खाली स्टड किंवा कडी असते.

माझ्या रायफलला आधीपासून सोय आहे का, हे कसं ओळखायचं?

रायफल उलटी करा आणि बटच्या (स्टॉकच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) खालच्या कडेला व पुढच्या लाकडाच्या टोकाजवळ बघा. कधी स्टड असतो, कधी त्याच्या जागी बसवलेली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची बारीक खुंटी असते, कधी नुसता स्क्रू असतो. प्लॅस्टिकच्या काही स्टॉकमध्ये पट्टा ओवायला आरपार खाच साच्यातच काढलेली असते, ती लोकांच्या लक्षातच येत नाही. पुढच्या लाकडाला बॅरलसकट धरणारा लोखंडी बँड असेल, तर त्याच मापाचा पण कडी असलेला बँड मिळतो का ते आधी शोधा. जुना बँड काढून नवा घालायला एक स्क्रू पुरतो, लाकडाला धक्काही लागत नाही.

रायफल जुनी आणि मूळ अवस्थेतली असेल तर ड्रिल बाजूला ठेवा. भोक पाडलेल्या जुन्या रायफलीची संग्राहकांच्या नजरेतली किंमत उतरते. भोकाशिवायचे उपाय पुढे दिले आहेत.

स्टड नेमके कुठे बसवायचे?

मागचा: बटच्या खालच्या टोकापासून ६० ते ६५ मिमी पुढे, खालच्या कडेच्या बरोबर मध्यरेषेवर. याहून मागे गेलात तर टोकाजवळचे लाकडाचे रेषे आखूड पडतात आणि स्क्रू आवळताना ढलपी उडते. फार पुढे गेलात तर रायफल खांद्यावर असताना बट बाहेर फेकला जातो.

पुढचा: लाकडाच्या टोकापासून ४० ते ५० मिमी मागे. दोन स्टडमधलं अंतर साधारण ६० ते ६८ सेंमी येतं. छोट्या कार्बाइनवर (आखूड रायफलीवर) ते कमी भरेल, त्याला इलाज नाही. मात्र एक गोष्ट तपासा. रायफल एका बोटावर तोलून तिचा तोल कुठे सापडतो ते बघा. पुढचा स्टड त्या जागेपासून निदान एक वीत पुढे हवा. जवळ पडला तर खांद्यावरची रायफल वरच्या बाजूला जड होते आणि थोडं वाकलात की बॅरल पुढे कोसळतं.

भोक पाडण्याआधी दोन्ही जागांवर दोरीने पट्टा तात्पुरता बांधून घरातल्या घरात चालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. नेमबाजीत डावा हात कुठे पडतो तेही याच वेळी कळतं. स्टड तळहाताखाली आला तर प्रत्येक वेळी टोचत राहतो.

लाकडी बटमध्ये मागचा स्टड कसा बसवायचा?

आधी बटप्लेटचे (बटच्या मागच्या टोकावरच्या पट्टीचे) दोन स्क्रू काढून आत बघा. दोन तुकड्यांचा स्टॉक असलेल्या काही रायफलींत बटमधून आरपार लांब बोल्ट गेलेला असतो, तर काही स्टॉकमध्ये वजन कमी करायला कारखान्यातच मोठी भोकं पाडलेली असतात. बोल्टवर ड्रिल आपटलं तर पातं मोडतं. पोकळीत गेलं तर स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही.

बटच्या खालच्या कडेवर कागदी चिकटपट्टी लावा. मध्यरेषा डोळ्यांनी ठरवू नका, गोलाईवर डोळा फसतो. दोन ठिकाणी रुंदी मोजून मध्य काढा आणि रेघ ओढा. खूण झाली की टोच्याने छोटा खड्डा पाडा, म्हणजे पातं वाकड्या पृष्ठभागावरून सरकणार नाही.

आता स्टडचा स्क्रू नीट बघा. आट्यांचा भाग साधारण २० मिमी लांब असतो, आणि वर डोक्याजवळ थोडा भाग बिनआट्यांचा, जाडसर असतो. आटे वगळून स्क्रूच्या गाभ्याचा व्यास कॅलिपरने मोजा. अक्रोड, बीच यांसारख्या कडक लाकडात तेवढ्याच व्यासाचं पातं लागतं, मऊ लाकडात किंचित बारीक. आधी २ मिमीचं भोक पाडून दिशा पक्की करा, मग मापाचं पातं घ्या, आणि शेवटी तोंडाशी, फक्त बिनआट्यांच्या भागाच्या खोलीएवढं, ते रुंद करा. ही शेवटची पायरी वगळली की स्क्रू तिथे पाचरीसारखा घुसतो आणि लाकूड उभं चिरतं. चीर त्याच दिवशी दिसेलच असं नाही, कधी कधी महिन्याने दिसते.

खोली चुकू नये म्हणून पात्यावर रंगीत चिकटपट्टीचं निशाण गुंडाळा. ड्रिल हळू चालवा. हाताचं गिरमिट असेल तर उत्तम. ड्रिल बॅरलला काटकोनात धरायचं नसतं, तर त्या जागी बटच्या कडेला काटकोनात धरायचं असतं. बटची कडा तिरपी उतरते. हे विसरलं की स्टड कलता उभा राहतो आणि त्याच्या डोक्याखाली एका बाजूला फट दिसते. ही चूक सगळ्यात जास्त होते.

आट्यांना कोरडा साबण किंवा मेण चोळा, भोकात जवसाच्या तेलाचा एक थेंब सोडा म्हणजे कच्चं लाकूड पाणी पिणार नाही. स्टडसोबत वॉशर आलं असेल तर ते डोक्याखाली घाला. मग स्टडच्या आडव्या भोकात खिळा घालून तो फिरवा. शेवटी आडवं भोक डावी-उजवीकडे, म्हणजे रायफलीच्या लांबीला आडवं आलं पाहिजे, नाहीतर स्विव्हल सरळ बसत नाही. स्टड पूर्ण आवळला आणि भोक पाव फेरा आधीच अडलं, तर स्टड उलटा फिरवून जुळवू नका, तो कायमचा सैल राहतो. बाहेर काढा, वॉशर किंचित घासून पातळ करा आणि पुन्हा आवळा.

आणि पुढचा?

पुढच्या लाकडाची जाडी कमी असते, तिथे लाकडी स्क्रू धरत नाही. पुढचा स्टड मशीन स्क्रूचा असतो आणि आतून नटने बसतो. त्यासाठी ॲक्शनचा, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या भागाचा, स्क्रू (छोट्या रायफलीत बहुधा एकच असतो) सोडवून बॅरल स्टॉकमधून वेगळं करावं लागतं.

बॅरलच्या खाचेत नेमका बसेल असा गोल लाकडी ठोकळा घालून क्लॅम्प करा आणि बाहेरून आत भोक पाडा. ठोकळा नसला तर पातं बाहेर पडताना आतल्या कडेची ढलपी उडवतं. मग आतून नटच्या व्यासाएवढं, सपाट तळाचं घर कोरा. नट आणि स्क्रूचं टोक खाचेच्या पृष्ठभागाच्या निदान १ मिमी खाली राहिलं पाहिजे. स्क्रू लांब असेल तर कानसने घासा. आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा थेंब सोडा.

एवढं करूनही खात्री करायची तर नटवर पेन्सिलीचं शिसं किंवा काजळी लावा, बॅरल बसवून ॲक्शनचा स्क्रू आवळा, पुन्हा उघडा. बॅरलवर काळा ठिपका उमटला तर नट टेकतोय. असा टेकणारा नट गोळीची जागा बदलतो, आणि दोष मात्र रायफलीवरच्या दुर्बिणीला लागतो.

माझा स्टॉक प्लॅस्टिकचा आणि आतून पोकळ आहे.

मग लाकडी स्क्रूचा स्टड सरळ ठोकू नका. ३ मिमी जाडीच्या कवचात दोन-तीन आटेच बसतात आणि पहिल्या हिसक्याला निघून येतात. बटप्लेट काढून आत बघा. अनेक साच्यांत स्टडच्या जागी भरीव गाठ ठेवलेली असते. तिथे भोक पाडता येतं. गाठ नसेल आणि हात किंवा लांब पाना आतपर्यंत पोचत असेल, तर मशीन स्क्रूचा स्टड घेऊन आतून रुंद वॉशर आणि नट लावा. पोचत नसेल तर लाकडाचा ठोकळा इपॉक्सीने आत चिकटवून त्यात स्क्रू घ्या. आतली भिंत आधी खरवडून घ्यायची, कारण साच्यातून आलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकला इपॉक्सी धरत नाही. ठोकळ्यापेक्षा नट केव्हाही बरा.

ट्यूब मॅगझीनवर बँड लावला तर चालतो का?

चालतो, पण हळू हाताने. बाहेरची ट्यूब पातळ पत्र्याची असते आणि तिच्यात आतली नळी सरकते. बँड थोडा जास्त आवळला की बाहेरच्या ट्यूबला पोचा पडतो, मग आतली नळी अडकते किंवा निघाली तरी काडतुसं पुढे सरकत नाहीत. दर पाव फेऱ्याला नळी काढून-घालून बघा, जड वाटली की लगेच अर्धा फेरा सोडा. काडतुसाच्या आकाराची भरण्याची खिडकी बँडखाली झाकली जाऊ नये. आतली नळी पूर्ण उचलल्यावर पुढे किती बाहेर येते तेही बघा, पट्टा तिच्या वाटेत येत असेल तर दर वेळी भरताना चिडचिड होईल.

बॅरलवरच बँड लावायचा असेल तर नेमक्या त्या जागी व्यास मोजा. बॅरल पुढे निमुळतं होत जातं, त्यामुळे तोंडाशी घेतलेलं माप कामाचं नाही. बारीक बॅरल १४-१६ मिमीचं असतं, जाड ‘बुल’ बॅरल २३ मिमीच्या आसपास. बँडच्या आत पातळ चामडं किंवा रबर घाला. नुसतं लोखंड लोखंडावर आलं की निळं पॉलिश घासून जातं आणि तिथेच गंज धरतो.

भोक पाडायचंच नाही. काय पर्याय?

बटला बसणारं चामड्याचं किंवा कापडी आवरण मिळतं, त्याला खाली कडी असते. वादीने आवळायचं आवरण नुसत्या लवचीक कापडी आवरणापेक्षा चांगलं. कापडी आवरण भिजलं की मागे सरकतं आणि शेवटी हातात येतं. पुढे बॅरलचा बँड किंवा स्टॉक आणि बॅरल दोन्हींना कवळणारा चामडी फास. फास लाकडाच्या उतारावरून पुढे सरकू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळा.

मागचा फास मुठीच्या बारीक भागाभोवती टाकायचा मोह होतो, कारण तिथे तो घसरत नाही. टाकू नका. तो सैल झाला की ट्रिगर गार्डमध्ये शिरतो. पट्टा, दोरी, फास यांतलं काहीही ट्रिगर गार्डला बांधायचं नाही किंवा त्यातून ओवायचं नाही, तात्पुरतंसुद्धा नाही.

पट्टा बकलातून कसा ओवायचा? सारखा सैल होतो.

सैल होतो तो एकदाच ओवल्यामुळे. बकलाला तीन दांड्या आणि दोन खाचा असतात. पट्टीचं टोक पहिल्या खाचेतून वर घ्या, मधल्या दांडीवरून नेऊन दुसऱ्या खाचेतून खाली काढा. आता टोक स्विव्हलच्या कडीतून फिरवून परत बकलाकडे आणा आणि त्याच मधल्या दांडीवरून, आधीच्या थराच्या खालून, पुन्हा दोन्ही खाचांतून काढा. मधल्या दांडीवर पट्टीचे दोन थर दिसले पाहिजेत. ओढ पडली की वरचा थर खालच्याला दाबून धरतो, जितकी ओढ तितकी पकड.

शिल्लक टोक निदान ५ सेंमी ठेवा आणि ते रायफलीच्या बाजूला येऊ द्या, बाहेर नको. नायलॉनचं टोक कापलं तर कडा मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटतात. ओवून झालं की दोन्ही स्टडजवळ पट्टा हाताने जोरात हिसका देऊन बघा. रायफल खाली गादीवर असू द्या.

लांबी किती ठेवायची?

स्टडमधलं अंतर ६५ सेंमी धरलं आणि कड्यांमधला पट्टा ८० सेंमी ठेवला, तर मध्याशी पट्टा रायफलीपासून साधारण २३ सेंमी दूर जातो. पट्टा ९० सेंमी केला तर ३१ सेंमी. म्हणजे १० सेंमी पट्टा वाढवला की खांद्याला ८ सेंमी जास्त जागा मिळते. पातळ शर्टावर २३ सेंमी बहुतेकांना पुरतात. जाड जाकीट घालून निघणार असाल तर जाकीट घालूनच माप घ्या. छातीवरून तिरपा घालायचा असेल तर ११० सेंमीच्या आसपास लागेल.

बॅरल वर ठेवून उजव्या खांद्यावर घ्या आणि चाला. बट मांडीच्या मागे आपटत असेल तर पट्टा लांब आहे. बॅरल डोक्याच्या वर फार जात असेल तर आखूड आहे. झाडीत आखूड पट्टा त्रास देतो, मोकळ्यावर लांब.

बॅरल वर ठेवून न्यावी की खाली?

दोन्ही पद्धती चालतात. वर ठेवली तर बॅरल आजूबाजूच्या माणसांपासून दूर राहतं, पण पावसाचं पाणी आत जातं आणि फांद्या अडकतात. खाली ठेवून डाव्या खांद्यावर घेतली तर पावसात बरी, उतरवून हातात यायलाही पटकन येते. मात्र बसताना किंवा उतरणीवर बॅरलचं तोंड मातीत रुततं. तोंडात माती गेली असेल तर पुढची गोळी झाडण्याआधी बोल्ट काढून बॅरलमधून उजेड दिसतोय का ते बघायलाच हवं.

चेंबर रिकामं असल्याशिवाय रायफल खांद्यावर घ्यायची नाही. सेफ्टी ट्रिगर अडवते. रायफल खांद्यावरून निसटून दगडावर आपटली तर काय होईल याची हमी ती देत नाही. कुंपण किंवा ओढा ओलांडताना पट्ट्यावर विसंबू नका. रायफल उतरवा, उघडा, आधी पलीकडे ठेवा.

पट्टा लावल्यापासून गोळ्या दुसरीकडे लागतात.

नुसता लोंबणारा पट्टा सहसा फरक करत नाही. फरक पडतो तो ओढ पडल्यावर. पट्टा बॅरलवरच्या बँडला अडकला असेल आणि तो हाताला गुंडाळून नेम धरला, तर बारीक बॅरल खाली आणि बाजूला ओढलं जातं. स्टड स्टॉकवर असेल तरी पातळ प्लॅस्टिकचं टोक वाकून बॅरलला टेकतं.

तपासायला कागदाची पट्टी घ्या. बॅरल मोकळं तरंगणारं, म्हणजे स्टॉकला न टेकणारं, असेल तर ती बॅरल आणि स्टॉकच्या मधून ॲक्शनपर्यंत सरकली पाहिजे. आता दुसऱ्या कुणाला पट्टा ओढायला सांगा. कागद अडकला तर कारण सापडलं. काही स्टॉकमध्ये टोकाशी मुद्दाम बॅरलला टेकू दिलेला असतो, तिथे ही चाचणी लागू नाही. मग ५० मीटरवर पाच गोळ्या पट्टा सैल ठेवून आणि पाच गोळ्या ताणून मारा, तेच काडतूस वापरून. दोन झुबक्यांमधलं अंतर कागदावरच दिसेल. बाकावरून मारताना पट्टा काढून ठेवणं उत्तम, तो वाळूच्या पिशवीखाली अडकला की रायफल प्रत्येक वेळी वेगळी उसळते.

हाच पट्टा स्पर्धेत चालेल का?

नाही, त्याचं काम वेगळं आहे. स्पर्धेचा पट्टा, म्हणजे स्लिंग, वरच्या दंडाला आवळतो आणि पुढच्या लाकडाखालच्या रुळावरच्या हँडस्टॉपला (हात टेकवायच्या अडसराला) अडकतो. मागे बटला जोडलेला नसतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत त्याची रुंदी जास्तीत जास्त ४० मिमी आहे. तो झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना चालतो, उभ्याने मारताना चालत नाही. १० मीटर एअर रायफल उभ्यानेच मारायची असल्याने तिथे स्लिंगचा प्रश्नच येत नाही.

बायॲथलॉनची (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाची) तऱ्हा आणखी निराळी. १९७८ मध्ये त्या खेळाने मोठं कॅलिबर सोडून .२२ घेतलं. किमान ३.५ किलोची रायफल पाठीवर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांत, दप्तरासारखी बसते. डोंगरात लांब चालणाऱ्यांनी या पद्धतीचा विचार जरूर करावा, रायफल अजिबात झुलत नाही. उतरवायला मात्र सराव लागतो.

स्टड गोल फिरतो, आटे गेलेत.

काडेपेटीच्या काड्या आणि डिंक घालून एखादा दिवस निभावतो, त्यापुढे नाही. स्टड काढा, भोक ८ मिमीपर्यंत मोठं करून स्वच्छ करा, कडक लाकडाची खुंटी इपॉक्सीने ठोका, २४ तास हात लावू नका. मग खुंटी कडेशी सपाट करून नव्याने बारीक भोक पाडा. खुंटीचे रेषे भोकाच्या दिशेने उभे असल्याने स्क्रूची पकड थोडी कमी असते, म्हणून इथे साबण लावायचा नाही, आट्यांना पातळ इपॉक्सी लावून स्टड कायमचा बसवायचा.

कड्या वाजतात आणि लाकडावर चंद्रकोरीसारखे वण उमटलेत.

कडी मागे पडून लाकडावर आपटते, त्याचे वण. स्टडभोवती पातळ चामड्याची चकती घाला, कडीला इलेक्ट्रिकचं आकसणारं नळकांडं चढवा आणि पिनला मेण लावा. तेल लावू नका. ते लाकडात मुरतं आणि धूळ धरतं.

एअर रायफलला वेगळं काय?

बॅरल सांध्याशी खाली वाकवून, म्हणजे ‘मोडून’, भरायच्या रायफलीत पुढच्या लाकडाखाली कॉकिंगच्या (स्प्रिंग ताणणाऱ्या) दांडीसाठी लांब खाच असते, त्यामुळे मध्यरेषेवर स्टडला जागाच नसते. बॅरलवर बँड लावता येतो, पण पट्ट्याची ओढ सांध्यावर येते आणि दर वेळी बॅरल मोडताना पट्टा आड येतो. अशा रायफलीला खाचेच्या मागे, ट्रिगर गार्डच्या बराच पुढे, भोकाशिवायचा चामडी फास बरा. फास दांडीच्या वाटेत येत नाही ना ते बॅरल पूर्ण मोडून बघा. स्प्रिंगच्या रायफली पुढे आणि मागे दोन्हीकडे हिसका देतात, त्यांचे स्क्रू लवकर सैल होतात. दर ५० छर्‍यांनंतर हात लावून बघत जा.

सिलिंडरमधल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत बॅरल आणि सिलिंडर एकाच बँडमध्ये आवळू नका. २०० बारच्या आसपास भरलेला सिलिंडर दाब उतरेल तसा किंचित हलतो आणि बॅरलला सोबत ओढतो. पहिला आणि तिसावा छर्रा एका जागी पडत नाही. सायलेन्सरला कधीच काही अडकवायचं नाही.

कपाटात ठेवताना पट्टा लावून ठेवावा का?

चामड्याचा असेल तर नाही. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि कातडं कमावतानाचे क्षार त्यात असतात. बॅरलला टेकून महिनाभर राहिलं की पट्ट्याच्या रुंदीएवढा गंजाचा डाग उमटतो. काढून वेगळा लटकवा, गुंडाळी नको. नायलॉनचा राहू द्यायला हरकत नाही, भिजलेला नसेल तर.